काचेवर टिचकी

(रेनो, नेव्हाडा. पोकर खेळायच्या एका छोट्या क्लबाच्या मागच्या दाराबाहेरचा बाक. सकाळचे अकरा वाजून गेले आहेत.)

ऑर्विल : चौक्यांची जोडी! व्हर्ना, चौक्यांची! मधे एक्का पडलाय, राजा पडलाय, मी पुढ्यातला अर्धा ढीग आत सारलाय, आणि हा दातांचा डॉक्टर चौक्यांची जोडी घेऊन माझी पानं बघायला मागतो! कुठल्या पुस्तकात बसतं हे?

व्हर्ना : त्यानं पुस्तक वाचलेलं नाही ना मास्तर, तिथेच घोटाळा झाला. वाचलं असतं तर शहाण्यासारखा हरला असता.

ऑर्विल : थट्टा करतेयस.

व्हर्ना : छे. सांत्वन करायला आलेय. टेबलानं पाठवलंय मला, रीतसर. सरक जरा.

ऑर्विल : टेबलानं?

व्हर्ना : सर्वानुमते. ठराव असा, की मास्तरांचं नशीब वाईट चाललंय, त्यांनी मनाला लावून घेऊ नये आणि लवकर परत यावं. ही घे कॉफी. डॉक्टरनं दिलीय.

ऑर्विल : मला?

व्हर्ना : दोन चमचे साखर घालून. दात उपटल्यावर पोरांना फुगा देतो ना तो, त्यातलंच.

ऑर्विल : सभ्य माणूस आहे. मी उगाच मनातल्या मनात चिडलो. तरी सांगतो व्हर्ना, मी खेळलो बरोबर. हाच डाव शंभर वेळा आला तर ऐंशी वेळा तो पानं टाकेल. आजची वेळ उरलेल्या विसांतली.

व्हर्ना : आणि कालची?

ऑर्विल : कालचीही विसांतलीच.

व्हर्ना : परवाची?

ऑर्विल : हे बघ, लांबच्या पल्ल्यात सगळं जुळतं. गणित आहे ते. बत्तीस वर्षं शिकवलंय मी.

व्हर्ना : मास्तर, तू चौऱ्याहत्तरचा आहेस. पल्ला केवढा धरलायस?

ऑर्विल : सलग अकरा बैठका हरलोय, हे मान्य. पण माझी शिस्त बघ. मोठा डाव गेला की आधी उठायचं. गाड्यांच्या तळाला तीन फेऱ्या मारायच्या. थंड पाणी प्यायचं. मग स्वतःला विचारायचं, मी रागानं खेळतोय का? उत्तर हो आलं तर सरळ घरी.

व्हर्ना : काय येतं उत्तर?

ऑर्विल : 'नाही' असंच येतं. मी रागानं खेळत नाही.

व्हर्ना : ते खरंय. बाकीचे संतापून हरतात. तू अगदी थंड डोक्यानं हरतोस. बघत राहावंसं वाटतं.

एलिसेओ : इथे आहात होय, मास्तर. आत सगळीकडे शोधलं. तुमची खुर्ची रिकामी होऊन आठ मिनिटं झाली.

ऑर्विल : माहितेय, एलिसेओ.

एलिसेओ : वीस झाली की मला तुमच्या पैशाच्या चिप्स पिशवीत भरून खुर्ची मोकळी करावी लागते. नियम माझा नाही, भिंतीवर लावलाय. आणि तुम्ही गेलात तर टेबलावर पाचच उरतात. पाचजणांसाठी मालक पत्ते वाटणारी बाई उभी करत नाही. सकाळचा खेळच बंद होईल.

व्हर्ना : ऐकलंस? तू म्हणजे आमचा खांब आहेस. जा रे तू, आणते मी त्याला.

ऑर्विल : मी येणार नाही बहुतेक, व्हर्ना.

व्हर्ना : आज ना? ठीक आहे, उद्या ये.

ऑर्विल : उद्याही नाही. लेकीला, कारिनला शब्द दिलाय. आजही हरलो तर तिच्याकडे राहायला जायचं. डुलूथला.

व्हर्ना : डुलूथला! त्या बर्फात लोक मुद्दाम जातात?

ऑर्विल : गॅरेजच्या वरची खोली रिकामी केलीय तिनं. व्यायामाचं यंत्र होतं, तेही हलवलं म्हणे माझ्यासाठी.

व्हर्ना : मग प्रश्नच मिटला. यंत्राची जागा तुला दिली, आणखी काय करायचं पोरीनं?

ऑर्विल : तिची चूक नाही. ती विचारायची, पप्पा, एकटे तिथे काय करता? मी म्हणायचो, इथे मला एक गोष्ट येते. टेबलावर माझा वचक आहे. ती म्हणाली, मग महिनाभर बघू या. आज महिना संपतो. मला एवढंच कळायला हवंय व्हर्ना, की मला खेळता येतं का. येत असेल आणि नशीब वाईट असेल, तर मी इथेच हरत बसेन, मला काही वाटणार नाही. पण येतच नसेल तर जायला हवं. ज्याला स्वतःचं चुकतंय हेही कळत नाही, त्यानं एकट्यानं घर चालवू नये. तू सांग.

व्हर्ना : ठरावात सांगितलंय ना, नशीब.

ऑर्विल : टेबलाचं ऐकलं. तुला विचारतोय.

व्हर्ना : हे बरं नाही हं मास्तर. मी कॉफी घेऊन आलेली बाई आहे.

ऑर्विल : येतं का मला?

व्हर्ना : ...बरं. मगाशी ढीग पुढे सारताना डॉक्टरला काय म्हणालास?

ऑर्विल : काही नाही. नेहमीचंच.

व्हर्ना : नेहमीचं काय?

ऑर्विल : 'माफ करा हं डॉक्टर, पण वाढवावं लागतंय.'

व्हर्ना : तुझ्या हातात काय होतं?

ऑर्विल : नव्वा आणि सत्ता. काही नव्हतं. थाप होती, म्हणून तर म्हणतोय की त्यानं—

व्हर्ना : थांब. गेल्या मंगळवारी तुला तीन राण्या लागल्या. तेव्हा समोर बसलेल्या क्लेटनला काय म्हणालास?

ऑर्विल : काहीच नाही. चिप्स ठेवल्या.

व्हर्ना : का नाही म्हणालास?

ऑर्विल : कशाला म्हणू? खरंच राण्या होत्या. माफी कशाची मागाय— अरे देवा.

व्हर्ना : हं.

ऑर्विल : दर वेळी?

व्हर्ना : दर वेळी. अख्ख्या नेव्हाडात घंटा वाजवून, पायपुसण्याला बूट पुसून आत शिरणारा तू एकटाच चोर. गप्प राहून पैसे लावलेस की आम्ही पानं टाकून मोकळे, तुला सुटे पैसे मिळतात. माफी मागितलीस की आम्ही खुर्च्या पुढे ओढतो.

ऑर्विल : आम्ही म्हणजे कोण?

व्हर्ना : डॉक्टरला पहिल्या आठवड्यात कळलं. मला दुसऱ्या. क्लेटनला दोन वर्षं लागली, पण तो मुळातच सावकाश.

ऑर्विल : क्लेटनला माहितेय? क्लेटन तर मासा आहे! बाकीच्यांनी गळाला लावायचा तो टेबलावरचा मासा क्लेटन आहे, मी आणि तू बोललोय यावर! तू त्याला काहीतरी समजावत होतीस, तेव्हा मीच तुला म्हटलं होतं, काचेवर टिचकी मारायची नसते, मासा बिथरतो.

व्हर्ना : म्हटलं होतंस. पाण्याच्या ग्लासवर बोटानं टिचकी मारून दाखवलंही होतंस. मला ओठ चावून बसावं लागलं होतं. डॉक्टर तर हात धुवायला उठून गेला.

ऑर्विल : नऊ वर्षं, व्हर्ना.

व्हर्ना : नऊ.

ऑर्विल : दर नाताळला मी सगळ्यांना अक्रोडाचा केक आणायचो.

व्हर्ना : केकही खाल्ला.

ऑर्विल : आणि तू? तूही घेत होतीस माझ्याकडून?

व्हर्ना : ती निळी गाडी दिसतेय? पुढचे दोन टायर तू आहेस.

ऑर्विल : मागचे?

व्हर्ना : मागचे क्लेटन. तुझा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

ऑर्विल : मग आज का सांगितलंस? गप्प बसली असतीस तर मी कॉफी पिऊन आत आलो असतो. ठराव पास झाला असता.

व्हर्ना : तू विचारलंस. डॉक्टर मला खाऊन टाकेल आता. शाळेची बस सव्वीस वर्षं चालवली मी, पोराचा डबा मागे राहिला तर बस वळवायचे. निवृत्त झाल्यापासून म्हटलं, आता कुणासाठी बस वळवायची नाही. चाललं होतं बरं.

ऑर्विल : हे सोपं आहे पण. तोंड मिटून ठेवायचं, झालं.

व्हर्ना : झालं.

ऑर्विल : फक्त... हातात काही नसताना पैसे लावायचे आणि वर बोलायचंही नाही? उद्धटपणा नाही वाटणार?

व्हर्ना : समोरचा तुझे पैसे न्यायला बसलाय, मास्तर!

ऑर्विल : तरी.

व्हर्ना : बरं, मला थाप मार. इथल्या इथे. माफी न मागता.

ऑर्विल : कुठली?

व्हर्ना : कुठलीही. चल.

ऑर्विल : तुझे केस आज छान दिसतायत.

व्हर्ना : शाबास! बघ, जमलं की—

ऑर्विल : माफ कर.

व्हर्ना : ...हे मी ऐकलंच नाही असं धरते.

ऑर्विल : मला एक सांग. मी हरायचा थांबलो, तर आत कुणाला मी हवा असेन?

व्हर्ना : डॉक्टरला नाही. क्लेटनला कळायलाच दोन वर्षं लागतील, तोवर त्याचं तुझ्यावर प्रेम राहील.

ऑर्विल : आणि तुला?

व्हर्ना : टायर नवेच आहेत. चालतील अजून.

ऑर्विल : हं. डुलूथला कारिन रोज सांगेल माझं काय चुकतं. दूध कुठे ठेवलं, दिवा का चालू राहिला. इथे नऊ वर्षं कुणी चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं, याला मान देणं म्हणतात.

व्हर्ना : आमची भूक म्हणतात याला.

ऑर्विल : फोन करतो तिला.

व्हर्ना : मी जाऊ?

ऑर्विल : बस. ...कारिन? मी बोलतोय. हो, जेवायच्या आधीच केला. नाही, हरलो. बरेच. ...हो, शब्द दिला होता, आठवतोय मला. म्हणूनच फोन केला. मी येत नाहीये. ...ऐक तर. तुला मी सांगत होतो की माझा इथे वचक आहे. वचक नाहीये. नऊ वर्षं माझी एकच चूक होत होती आणि ती माझ्याखेरीज सगळ्यांना दिसत होती. ...तेच तर. आज कळली ती मला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळली आणि मी ती दुरुस्त करणार आहे. इथेच. ...यंत्र परत वर नेऊन ठेव. ...रागाव. रविवारी पुन्हा फोन करतो.

व्हर्ना : रडली?

ऑर्विल : रागावली. म्हणाली, शब्द मोडलात.

व्हर्ना : मोडलासच. आणि एकदाही माफी मागितली नाहीस.

ऑर्विल : हो का? लक्षात नाही आलं. खरं बोलत होतो ना.

एलिसेओ : अठरा मिनिटं, मास्तर. येताय की पिशवी आणू? डॉक्टर विचारतोय, कॉफी आवडली का.

ऑर्विल : गोड होती म्हणावं. येतो. एलिसेओ, मला जागा बदलून मिळेल?

एलिसेओ : नऊ खुर्च्या, सहा माणसं. कुठली हवी?

ऑर्विल : व्हर्नाच्या डाव्या हाताची.

व्हर्ना : का बाबा? डॉक्टरशेजारी काय वाईट होतास?

ऑर्विल : पुस्तकात दिलंय—

व्हर्ना : आलं पुस्तक!

ऑर्विल : टेबलावर ज्याच्यापासून सगळ्यात जपायचं, त्याच्या डाव्या हाताला बसावं. त्याची चाल आधी दिसते, मग आपली ठरवता येते. नऊ वर्षं मी डॉक्टरपासून जपत होतो. माणूस चुकीचा धरला, नियम बरोबर होता.

व्हर्ना : वा! मी याला शहाणं करायचं आणि यानं पहिला चावा मलाच घ्यायचा.

ऑर्विल : हो.

व्हर्ना : नुसतं हो?

ऑर्विल : नुसतं हो.

एलिसेओ : पण मास्तर, ती खुर्ची अडवलेली असते ना? मी आल्यापासून तिच्यावर व्हर्नाबाईंची पर्स बघतोय.

व्हर्ना : पर्सच आहे रे. चल, उचलते.