शीशीचं नेत्रोन्मीलन

वैदेही: शीशीचे डोळे उघडले म्हणजे काय, बाबा? तिला डोळे आहेत कुठे?

यज्ञेश्वर: टोपणाच्या जरा खाली. अंदाजानेच तूप-मध लावलं. विधीत कसूर नाही केली.

वैदेही: आई, ऐकतेस ना?

शरदिनी: मी पुऱ्या तळतेय. एकेकानं बोला.

वैदेही: सकाळी देव उजळले ना, तर बाबांनी सगळ्यांची पुन्हा प्राणप्रतिष्ठा केली. त्यात माझ्या प्रयोगाच्या शीशीचीपण करून टाकली!

यज्ञेश्वर: देवघरात जे आहे ते देव. तिथे ठेवलीस कशाला?

वैदेही: लॅबचं छत गळतंय म्हणून घरी आणली. आणि घरात बंदर येतात, खिडकीतून उड्या मारत. परवा आईचा चश्मा नेला. फक्त देवघरालाच कडी असते. ठीक आहे, झालं ते झालं. द्या इकडे, मला निघायचंय.

यज्ञेश्वर: कशी देऊ? प्राण आलाय तिच्यात. आता एक तर इथेच राहील, नाही तर उत्तरपूजा करून गंगेत विसर्जन.

वैदेही: गंगेत बिलकुल नाही! शीशीत जहर आहे!

यज्ञेश्वर: विष? आणि ते पोटात घेऊन शांत बसलाय? शरदिनी, हा महादेवच निघाला.

शरदिनी: मग त्याला बेल वाहिलात की नाही?

वैदेही: आई, तू तरी मजाक नको करू! आज परीक्षक येतायत मद्रासहून. ही चमकलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली तर मला पीएच.डी. मिळेल, नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि पुन्हा इतके सारखे कण येतीलच असं नाही. आत्ता कुठे जमलेत.

यज्ञेश्वर: कसले कण? नुसतं केशरी पाणी दिसतंय.

वैदेही: इतके बारीक की दिसतच नाहीत. सगळा खेळ आकाराचा. कण जरा मोठा असला तर लाल चमकतो, लहान असला तर हिरवा. पदार्थ तोच.

शरदिनी: ह्या घरात उलटं आहे. लहानसहान गोष्टीवर माणसं लाल होतात.

यज्ञेश्वर: तू पुऱ्या बघ. आणि हा चमकतो कशानं?

वैदेही: वरून एक जांभळा दिवा धरायचा. तो उजेड हा घेतो आणि आपल्या रंगाचा करून परत देतो.

यज्ञेश्वर: म्हणजे उजेड पडलेला त्याला कळतो?

वैदेही: कळतो म्हणजे... हो, तसंच म्हणा.

यज्ञेश्वर: मग डोळे आहेत की! उगाच बापाला वेड्यात काढत होतीस.

वैदेही: बाबा, पाया पडते. तीन वर्षं गेलीत माझी ह्यात. तुम्ही एकदा बघायलासुद्धा आला नाहीत.

यज्ञेश्वर: जिथे माणसं बुटांसकट हिंडतात तिथे मी पाय ठेवत नाही. सांगून ठेवलंय.

शरदिनी: अहो, एक विचारू? गणपती पालखीत बसून गावभर हिंडतो, तेव्हा त्याचा प्राण जातो का?

यज्ञेश्वर: ती उत्सवमूर्ती. तिला चालतं. पण पुजारी बरोबर लागतो.

शरदिनी: मग जा की बरोबर. रिक्षा खालीच उभी आहे.

यज्ञेश्वर: मी? तिथे?

शरदिनी: नाही तर पोरीला पुजारी करा.

यज्ञेश्वर: काहीतरीच! बायकांचं काम आहे का ते? माझं उपरणं दे. आणि नैवेद्याच्या दोन पुऱ्या बांध.

(विद्यापीठ. प्रयोगशाळेच्या दाराशी यज्ञेश्वर रेशमी फडक्यात शीशी धरून उभे. रिक्षात सबंध वाट त्यांनी तिच्यावर छत्री धरली होती, आणि लोक नमस्कार करत होते.)

वैदेही: थांबा बाबा. चपला इथे काढा.

यज्ञेश्वर: इथे? बाहेर?

वैदेही: सगळेच काढतात. आत धूळ चालत नाही. आता हात धुवा, ही टोपी घाला. आणि आत कशालाही शिवायचं नाही.

यज्ञेश्वर: ते टक्कलवाले कोण, अनवाणी उभे आहेत ते?

वैदेही: परीक्षक. द्या आता शीशी.

यज्ञेश्वर: ...घे. दोन्ही हातांनी धर.

वैदेही: धरली. आता पडदा ओढते. भिऊ नका, अंधार होईल. हा बघा, दिवा लावला.

यज्ञेश्वर: अगं... शेंदरासारखा पेटला की हा! आच नाही, धूर नाही.

वैदेही: रोज असाच पेटतो, बाबा.

यज्ञेश्वर: आणि रोज तू एकटीच बघतेस?

वैदेही: हो.

यज्ञेश्वर: ...ते परीक्षक माझ्याकडे बोट करून काय विचारतायत?

वैदेही: विचारतायत, हे कोण. घरचे पुजारी म्हणून सांगू?

यज्ञेश्वर: नको. पुजारी तू. मी चपला सांभाळायला आलोय म्हणावं.