टाका नाही म्हणून

हॅलो?… हाव अक्का, मी सिंधु. फोन ह्यांचाच हाय, पण हे बोलायच्या हालतीत न्हाईत… न्हाई, लग्नाला मुदखेडला न्हाई येत. कंधारातून गाडी लातूरला वळवली… मीच. बजरंगला कशाला बोलता? ड्रायव्हर हाय तो, मी सांगितलं तिकडं घेतली त्यानं.

ऐका ना, अक्का… हाव, हाव. बाराला अक्षता, ठाव हाय. पुनमचा एकच सख्खा मामा, अंतरपाटापाशी तिच्या मागं उभा राहायला तोच लागतो, तेबी ठाव हाय. पण एकशेतीन ताप हाय तुमच्या भावाला. दातावर दात वाजून राहिले.

साधा ताप?… पंधरा दिस झाले, लातूरच्या डॉक्टरनं पाठीतून सुई घालून किडनीतली गाठ जाळली. चिरा न्हाई, टाका न्हाई, दुसऱ्या दिवशी घरी. मग आजारी कोण म्हणंल? मुंगी चावल्याएवढं भोक, त्याचं काय कौतुक, असं तुम्हीच म्हणलात… म्हणलात, अक्का. वर शुगरच्या माणसाला पेढे चारले.

न्हाई, तुमच्यावर न्हाई ढकलत. घात ह्यांनीच केला. लग्न हुकू नये म्हणून चार दिस ताप लपवला, चोरून गोळ्या खाल्ल्या. मघा गाडीत फेटा नीट करायला हात लावला, तर कपाळ तव्यावानी. खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी.

डॉक्टरला?… केला ना फोन. जाळल्या जागी आत पू झाला असंल म्हणले. नळी घालून काढावा लागंल, न्हाईतर इन्फेक्शन रक्तात जातंय… उद्या न्हाई. आत्ता.

म्हणू द्या लोकांला. सिंधुनं मामा पळवला म्हणा, खुशाल म्हणा… मग चंद्रप्पाला उभं करा… चुलत मामा चालत न्हाई? तर जागा मोकळी ठेवा. एक दिस मोकळी राहिली तर काय बिघडतंय? माझं घर मोकळं झालं, तर कोण भरून देणार हाय?

त्यांच्या कानाला लावू?… न्हाई लावत. बहिणीचा आवाज ऐकला की चालत्या गाडीतून उतरतील ते.

कोण?… पुनम? रडू नको बाई, हळदीच्या अंगानं रडू नये… हाव, मीच अडवलं. राग धर माझ्यावर. मांडवपरतणीला माहेरी येशील तवा मामा दारात उभा असंल. न्हाई दिसला तर ह्या मामीचं तोंड बघू नको… काय म्हणलीस?… हॅलो?… पुनम?…

बजरंग, रेंज गेली. तू थांबू नको, दाब गाडी.