बिनऔषधाचा पिंजरा

सून : आई, उजव्या पिंजऱ्याला औषध कोणी दिलं?

सासू : प्रयोगशाळेत मला 'बाई' म्हणायचं. डाव्या पिंजऱ्याला हार्मोन, उजव्याला नुसतं तेल. टोचतेस तूच ना?

सून : मग बाई, हे बघा. अंडाशय काढलेल्या उंदरिणीचं गर्भाशय दोऱ्यासारखं बारीक व्हायला हवं. हे शेंगेसारखं टरारलंय! आणि त्या म्हाताऱ्या उंदरिणीच्या काखेत चक्क गाठ.

सासू : शेजारणींचं बघून डोहाळे लागले असतील.

सून : बाई!

सासू : बरं, खाद्यात भेसळ.

सून : खाद्य, पाणी, भुसा, सगळं तपासलं. आता थट्टा पुरे. आपल्या चिंगीच्या छातीतही वाटाण्याएवढ्या गाठी आल्यात. अजून चालायलाही लागली नाही पोर! डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी हार्मोनचं मलम लावतं का? मी म्हटलं, छे, आमच्या सासूबाई त्याच विषयातल्या तज्ज्ञ आहेत.

सासू : ...बरोबर सांगितलंस.

सून : चिंगी आणि या उंदरिणी. दोन्हीकडे जाणारं माणूस कोण?

सासू : तू!

सून : मी हातमोजे घालते. आणि उंदरांना अंगाई म्हणत नाही.

सासू : ऐकलंस होय! अगं, डाव्यांना गाठी येणारच, त्यांच्याकडे बघवत नाही. म्हटलं, उजव्यांचे तरी लाड करावेत. बाह्या सारून जरा दंडावर निजवते, इतकंच.

सून : आणि दंडाला काय लावता?

सासू : या वयात अंगाची लाही लाही होते गं.

सून : त्या मलमाच्या डबीवर लिहिलेलं असतं, कातडीला कातडी लागू देऊ नका.

सासू : वाचलं होतं. मला वाटलं, ते नवऱ्यांसाठी आहे.

सून : जन्मभर हार्मोन शिकवलेत तुम्ही!

सासू : उंदरांचे. स्वतःचे कुठे शिकले?

सून : प्रयोग गेला बाई, पाण्यात.

सासू : प्रयोग खड्ड्यात जाऊ दे. चिंगीचं काय?

सून : डॉक्टर म्हणाले होते, मलम असलंच तर त्याचा संबंध सुटला की ओसरेल. तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडून मलमाऐवजी गोळ्या मागून घ्या. तोवर तिला घेताना मनगटापर्यंत बाह्या.

सासू : ती दंडाला गाल लावल्याशिवाय झोपत नाही.

सून : कापडाला लावेल.

सासू : ओळखेल ना गं मला?

सून : ओळखेल, आई.