कॉम्प्युटरवर आलेला राग

तुम्ही आता मोबाइलवर बोटं फिरवता, पण आमच्या नांदुऱ्याच्या जिनिंगात, म्हंजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याची परीक्षा म्या घेतली होती. कापसाचं वजन टाकायचं अन् पावती काढायची. हंगाम सुरू झालेला, बाहेर गाड्यांची रांग. प्रोग्राम लिहिणाऱ्या कुलकर्णी बाई पुण्याहून आलेल्या.

त्यायनं विचारलं, "काही चूक सापडली?"

"चूक नाही बाई, पण राग येऊन राह्यला."

मले वाटलं, हसतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. "कधी येतो राग?"

"काट्यावाला वजन पुकारते, मी टाकतो. मंग हा कॉम्प्युटर विचारते, खात्री आहे का? दरेक गाडीले. मी थांबलो की शेतकरी म्हणते, वजनात घोळ आहे काय?"

बाईनं तो प्रश्न काढला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "आता?"

"आता भेव वाटते. चुकून बोट लागलं तर पावती पुसल्या गेली. यानं हूं का चूं केलं नाही."

मंग पावती पुसताना तेवढं कॉम्प्युटरनं विचारायचं ठरलं.

पुढं एका दुपारी बाईनं पुन्हा विचारलं, "आज काय वाटतंय, भाऊ?"

म्या म्हटलं, "भूक लागली."

"म्हणजे कॉम्प्युटर विसरलात," बाई उठत म्हणाल्या. "झाला पास. चला जेवायला."