निरंक

(दुपार. मागच्या खोलीत पलंगावर काका, नाकाला नळी. शेजारी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरतंय. दाराशी वायरमन, हातात कागद.)

काकू : पुन्हा वाच. पहिली ओळ पुन्हा वाच.

वायरमन : “अभिनंदन! आपला विभाग स्वस्त व अखंडित वीज योजनेत समाविष्ट झाला आहे.”

काकू : नाचू का मग?

वायरमन : काकू, अहो...

काकू : विचारते आपली. काल अकराला गेलेली लाइट चारला आली. पाच तास! आणि हे म्हणतात अखंडित. शुद्धीवर आहेत ना सगळे?

काका : पुढचं... वाच.

वायरमन : “सबब, आजारी ग्राहकांना घरी दिलेला बॅटरी संच परत घेण्यात येत आहे.” आजच न्यायचाय. टेम्पो बाहेर उभा आहे.

काकू : आणि तू नेणार? ह्यांच्या हाताखाली खांबावर चढायला शिकलास, ह्याच घरात जेवलास, आणि आता ह्यांचाच श्वास काढून न्यायला आलास? लाज कशी वाटली नाही रे?

वायरमन : वाटली. पण दुसरा आला असता तर दोन वायरी हिसकून मोकळा झाला असता. म्हणून मीच मागून घेतलं हे काम.

काकू : तक्रार लिहून घे माझी.

वायरमन : तुमच्या नावानं मीच करून आलो सकाळी. साहेबांनी कॉम्प्युटर फिरवून दाखवला. आपल्या लाइनवर वर्षभरात खंड निरंक.

काकू : निरंक म्हणजे?

काका : शून्य.

काकू : शून्य? वर्षभर आम्ही काय डोळे मिटून बसलो होतो?

वायरमन : नियमच तसा आहे. लाइट सलग पंधरा मिनिटं गेली तरच तो खंड. त्याच्या आत आली की मोजत नाहीत.

काकू : अरे, पण काल पाच तास...

वायरमन : सलग नव्हती काकू. मध्ये मध्ये यायची ना?

काकू : यायची की. दोन-तीन मिनिटं. पंखा जरा कुठे वेग घ्यायचा की पुन्हा ठप्प. हे म्हणायचे, बघ, पोरगा श्वास देतोय.

काका : अरे... देवा.

काकू : काय झालं? नळी सरकली का?

काका : श्वास... तेवढाच मोजला... त्यांनी.

काकू : नीट सांगा कुणीतरी. मला समजेल असं.

वायरमन : वीज कमी पडली की वरून फोन येतो, लाइन बंद ठेव. उपकेंद्रात बटणावर मीच असतो. बारा मिनिटं बंद ठेवायची, तीन मिनिटं गुपचूप चालू करायची. ह्याला श्वास देणं म्हणतात. काकांनीच शिकवलं होतं, दवाखान्याच्या लाइनसाठी. तुमची बॅटरी चार तास पुरते आणि लाइट जाते पाच तास. उरलेला एक तास मी असा तुकड्यातुकड्यानं भरून काढायचो. कॉम्प्युटर मात्र दर वेळी पहिल्यापासून मोजायचा. पंधरा कधी झालेच नाहीत.

काकू : म्हणजे तू ह्यांना जगवत होतास, म्हणून बॅटरी परत चालली?

वायरमन : मला कुठं ठाऊक होतं हो! मोजणी कशी करतात ते आज सकाळी कळलं.

काका : मीच... शिकवलं.

काकू : तुम्ही बोलू नका. दम लागतोय. मग आजपासून नको देऊस श्वास. दिसू दे त्यांना खंड.

वायरमन : तीन महिने सलग दिसावे लागतात. मग विभाग पुन्हा खंडित ठरतो, मग अर्ज करायचा, मग बॅटरी.

काकू : तीन महिने? आणि तोवर? सिलिंडर तरी मिळेल?

वायरमन : सिलिंडरची यादीही हीच आहे. अखंडित विभागाला सिलिंडर नाही.

काकू : आणि श्वास देत राहिलास तर?

वायरमन : तर निरंक. वर्षानुवर्षं निरंक.

काकू : परवा अंग पुसायला नळी काढली होती. पाचव्या मिनिटाला ओठ निळे पडले ह्यांचे. बारा मिनिटं काय निघणार!

वायरमन : मग मी दर पाच मिनिटांनी देतो. होईल ते होईल.

काका : स्विच... जळेल. सगळी वस्ती... दोन-दोन दिवस अंधारात. एवढंच... शिकलास?

वायरमन : मग मी घर बंद होतं म्हणून लिहितो. रिकामा टेम्पो नेतो परत.

काका : आज लिहिशील. उद्या दुसरा येईल... तुला हलवतील. मग बटणावर... कोण?

काकू : सगळं ह्यांनाच कळतं! स्वतःचं तेवढं कळत नाही. आण तो कागद. कुठे करू सही?

वायरमन : इथं. “संच समाधानपूर्वक परत केला” याच्या खाली.

काकू : समाधानपूर्वक?

वायरमन : छापीलच येतं ते.

काकू : तेवढा शब्द खोडते.

वायरमन : नका खोडू. खोडाखोड दिसली तर पुढचा अर्ज घेत नाहीत.

काकू : बरं. केली. समाधानपूर्वक केली. ही बॅटरी आता जाणार कुठं? कुणाच्या कामी तरी येईल ना?

वायरमन : गोदामात. खंडित विभागांची यादी अजून व्हायची आहे.

काकू : ऐकलंत? गोदामात जाणार.

काका : यंत्र... भिंतीला लाव. लाइट आहे... आत्ता.

काकू : लावलं. चालतंय. घुरघुर तीच आहे.

वायरमन : काका, माझ्यानं नाही होत. टेम्पोवाल्याला बोलावतो, तो काढेल.

काका : तो भाजून घेईल. ये इकडे. बस खाली. पाना... घे हातात. हां. आधी काळी वायर काढ... मग लाल.