नऊ फूट गार पाणी

सहदेव : नऊ फूट? दादा, काठी परत एकदा टाकून बघू का?

गुणाजी : टाक ना, धा येला टाक. नऊच हाय. मी सोता उभा ऱ्हाऊन खनून घेतलाय.

सहदेव : आणि उथळ बाजू कुठली?

गुणाजी : उथल नाय. चारी बाजूनी नऊ.

सहदेव : अहो, पोहायच्या टाकीला एका अंगाला तरी तीन-साडेतीन फूट ठेवतात. माणसाला पाय टेकायला नको? आर्किटेक्ट काही बोलला नाही?

गुणाजी : बोलला. चार येला बोलला. मीच त्याला गप केला. आमी बालकुमचे कोली, सगला जलम खाडीत गेला. दारात गुडघ्याएवडा पानी ठेवला तं भावकी फिदीफिदी हसंल. जमीन बिल्डरला दिली, होडी इकली, म्हटला पानी तरी दारात ऱ्हाऊ दे. हौस केली रं. हौसंला मोल नाय.

सहदेव : आहे दादा, मोल आहे. तेच मोजतोय मी मघापासून. तीस बाय पंधरा, खोली नऊ. एक लाख पंधरा हजार लिटर झाले.

गुणाजी : होऊ दे. उकलता नको मना. डॉक्टरनी आकडा दिलाय, चौतीस. तुज्या त्या काचेच्या नलीवर आता किती दाखवते?

सहदेव : तेवीस. डिसेंबर चालू आहे.

गुणाजी : मग अकराच तं चढवायचे! मानपाड्याला कारखान्यांत एवडाले बॉयलर बसवतोस तू, आनी अकरा डिग्रीला घाबरतोस?

सहदेव : तिथं बादलीभर पाण्याची वाफ करतात, इथं तुम्ही तळं तापवायला सांगताय. विजेवर धरलं तर पंधराशे युनिट. महिन्याला नाही हं, एकदा तापवायला. त्यात घरचं कनेक्शन तेवढा लोड घेणार नाही, म्हणजे सहा-सात दिवस हीटरची कॉइल चालू ठेवायची. वरून उघडं, रात्री थंडी. एका रात्रीत दोन-तीन डिग्री उतरणार. दिवसभर चढवायचं, रात्री उतरू द्यायचं. फुटक्या घागरीनं पाणी भरल्यासारखं आहे हे.

गुणाजी : डिझेल?

सहदेव : पावणेदोनशे लिटर एका तापवणीला. मग रोजचं वेगळं.

गुणाजी : लाकडं जालू. घोडबंदरच्या अंगाला वखार हाय वलखीची.

सहदेव : पाच-सहाशे किलो जाळाल, धुरानं वहिनींना खोकला लागेल, आणि टाकी रात्रीत पुन्हा गार. काढून टाका डोक्यातून.

गुणाजी : बरा, मग तो जुना बॉयलर? तुमच्या तिकडं कापड रंगवायची डाइंग बंद परली तिथला. तितला वॉचमन धोंडीबा बोलला, सस्तात देतील.

सहदेव : तो घरात ठेवायची वस्तू आहे का? त्याला परवाना लागतो, सर्टिफिकेटवाला माणूस लागतो. एवढं करून नळ्या गंजलेल्या. मी स्वतः बघायला गेलेलो. फुटला तर भिंत घेऊन जाईल. हात दाखवून अवलक्षण कशाला?

गुणाजी : तू नुसता नाय-नायच करतोस रं! सोलर?

सहदेव : अख्खी गच्ची पॅनलनं भरावी लागेल, शेजाऱ्याची पण मागावी लागेल. मोठा खर्च आहे तो.

गुणाजी : मग गावठानातला ऱ्हायलेला गाला इकतो.

सहदेव : दादा, ऐका जरा. मी सामान विकायला आलोय, विकून मोकळा झालो असतो. पण गाळा विकून पाणी तापवलंत आणि दोन महिन्यांनी पुढचं बिल आलं, तर तुम्ही काय विकाल?

गुणाजी : तुला नाय कलायचा. गनपतीत अर्धांग झाला तुज्या वहिनीला. विसर्जनाच्या दिवशी सकाली ओटीवर भाकऱ्या मोजत होती, तितंच परली. डावी बाजू पार गेली. मच्छीची पाटी घेऊन दादरपावत जायची रं ही बाई. बाजारात कुनाची टाप नव्हती तिच्याशी भांडायची. आता तोंड पुसायला मानूस लागतो. मुंबईच्या हास्पिटलात गरम पान्याची टाकी होती, तितं तीन आठवडे सोडली तिला. तिसऱ्या दिवशी पायाचा अंगठा हलला.

सहदेव : खरंच?

गुणाजी : तिनंच सांगितला मना. अंगठा हलला तं पाय बी हलंल ना? पन तितं किती दिस ठेवनार. घरी पानी हाय, फक्त गार हाय. एवडीच अडचन हाय, सहदेव. बाकी सगला हाय माज्याजवल.

सहदेव : थांबा. मला एक सांगा, वहिनींना पोहायचं नाही ना? बसून पाय हलवायचा?

गुणाजी : बसूनच. दोन बाजूंनी दोन मानसं धरून.

सहदेव : मग लाख लिटर कशाला तापवायचे? हा कोपरा घेऊ. दोन भिंती घालू, दहा बाय आठचा हौद करू. खाली साडेपाच फूट भराव, वर लादी. पाणी साडेतीन फूट. आठ हजार लिटर होतील, बस्स.

गुणाजी : आनी बाकीचा?

सहदेव : बाकीचं गार राहू दे, नाहीतर रिकामं करा. गच्चीवर काळे पाइप अंथरू, छोटा पंप लावू, दिवसभर पाणी उन्हातून फिरेल. रात्री वरून जाड ताडपत्री, म्हणजे ऊब उडणार नाही. सकाळी दोन-तीन डिग्री कमी पडले तर छोटी कॉइल आहेच. गाळा विकायला नको, काही नको. घरातल्या गीझरला लागते तेवढ्या विजेत भागेल.

गुणाजी : चौतीस येल?

सहदेव : येईल. लेखी देतो.

गुणाजी : अगो सगुना! ऐकलास का? येल बोलतो! चौतीस येल! उद्याच भराव मागवतो. बग, तुजा पाय बग कसा—

सगुणा : (ओटीवरच्या खुर्चीतून) त्याला चाय दे आनी घरी जाऊ दे.

गुणाजी : अगो, सगला जमला. सोपा निघाला.

सगुणा : जाऊ दे त्याला. माजा अंगठा नाय हलला.

गुणाजी : काय?

सगुणा : कंदीच नाय हलला. तुमी रोज सांजचे यायचे, आनी माज्या तोंडाकडं बगायच्या आदी पायाकडं बगायचे. एक दिस जिन्यात बसून रडले तुमी. बाजूच्या खाटेवालीनं बगितला, मना सांगितला. मना नाय सोसला. तुमी आले तवा मीच बोलले, हलला. आडातच नाय तं पोहऱ्यात कुठना येल? गरम पान्यात घाला नायतं गार पान्यात, तो पाय मेलाय. उगा भिंती नका घालू.

सहदेव : वहिनी, असं नका म्हणू. डॉक्टर कधी कधी—

सगुणा : तू चांगला मानूस हायस रं बाबा. पन जा तू.

गुणाजी : मना म्हाईत हाय.

सगुणा : काय म्हाईत हाय?

गुणाजी : तितं काचेचा दार होता. मी भायेर उभा ऱ्हायचो, तुला नाय दिसायचो. ती नर्सबाई तुजा पाय धरून हलवायची. तिनं सोडला का खाली जायचा, दगडावानी. एकवीस दिस बगितला मी.

सगुणा : मग बोलले का नाय?

गुणाजी : तू हसून सांगत होतीस, हलला म्हनून. गनपतीपासना पयल्यांदा हसलीस. काय बोलू मी?

सहदेव : दादा, मी निघतो. पुन्हा कधीतरी—

गुणाजी : बस खाली. भिंतीला इटा किती लागतील, ता सांग.

सगुणा : अवो, आता कशाला इटा?

गुणाजी : लिही तू, सहदेव. इटा, शिमिट, भराव. सगला लिही.

सगुणा : कशाला पन?

गुणाजी : मग दुसरा काय करू गो मी? सकालपासना तुज्या पायाकडं बगत बसू? नाय बसवत मना.