आप्पांनी धरलेली जागा

विमानतळावरच्या बसची मजा मला विचारा. वरवंडचे माझे सासरे, आप्पा, आणि मी माझ्या पत्नीच्या अस्थी घेऊन काशीला निघालो होतो. विमानापर्यंत नेणारी बस आली आणि इतका वेळ एकमेकांना 'सॉरी' म्हणणारी मंडळी दौंडची एसटी लागल्यासारखी आत घुसली. आप्पांनी सवयीनं शेजारच्या सीटवर रुमाल टाकला.

एका टायवाल्यानं विचारलं, "काका, कुणी येणार आहे का?"

"आलंय," म्हणत आप्पांनी अस्थींची पिशवी तिथं ठेवली. "दौंडच्या कालेजाला रोज उभ्यानं गेली माझी लेक. आज बसून जाऊ द्या."

टायवाल्यानं वरची कडी धरली. बस सुटली, एकदा वळली आणि विमानापाशी थांबली.

आप्पा हळहळले, "आत्ता कुठं बसली व्हती पोरगी, तवर आलं बी?"